समाजशास्त्राचे पहिले पुस्तक आणि आपण

आमची नात यंदा कॉलेजात जाऊ लागली. पहिल्या वर्षाला तिने समाजशास्त्र घेतले आहे. एका शुक्रवारी दुपारी आम्ही शब्बाथचा स्वयंपाक उरकीत होतो. नारळाच्या दुधातले कालवण शेगडीवर होते. इतक्यात ती वही-पुस्तके घेऊन स्वयंपाकघरातच येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, यात तुमच्यासारख्या लोकांबद्दल लिहिलंय. खरं आहे का ते तू सांग."

तिला मराठी समजते, वाचता येत नाही. आम्हांस हिब्रू वाचता येते, पण ते इस्पितळातले. रुग्णाचा तक्ता, औषधाची चिठ्ठी, रजेचा अर्ज, एवढ्यावर आमची चाळीस वर्षे निभावली. समाजशास्त्राचे हिब्रू जड गेले. तरी दोन महिने रोज संध्याकाळी तिने वाचावे, आम्ही अडवून विचारावे, असे करीत पुस्तकातला मुख्य भाग आम्ही पुरा केला. समाजव्यवस्था म्हणजे काय, कुटुंब कशासाठी असते आणि समाजात वरचे-खालचे वर्ग का पडतात, हे तीन प्रश्न त्यात आहेत. पहिल्या वर्षाच्या सगळ्याच पुस्तकांत हे तीन प्रश्न असतात म्हणे.

आम्ही मुंबईत शिकलो, तिथेच परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि १९७९ साली इकडे आलो. पंडित नव्हे. परंतु ज्या माणसांचे दाखले या शास्त्रात दिले जातात त्यांच्यापैकी आम्ही एक आहोत, आणि दाखल्याला शास्त्राबद्दल बोलण्याचा हक्क असावा, एवढ्याच अधिकाराने हे परीक्षण लिहीत आहोत.

प्रथम जे पटले ते सांगावे. एमिल दुर्खीम हा या शास्त्राच्या जनकांपैकी एक. १८५८ साली फ्रान्समधील एपिनाल गावी तो जन्मला. वडील रब्बी होते. मुलानेही रब्बी व्हावे अशी घरची अपेक्षा होती, पण तो प्राध्यापक झाला. माणसे एकत्र का राहतात, एकमेकांचे गळे का धरीत नाहीत, हा त्याचा प्रश्न. १८९३ सालच्या ग्रंथात तो म्हणतो की जुन्या समाजात माणसे एकसारखी असल्यामुळे बांधलेली असतात आणि नव्या समाजात वेगवेगळी कामे करीत असल्यामुळे, एकाचे दुसऱ्यावाचून चालत नाही म्हणून, बांधलेली असतात.

हे आम्हांस दोन्ही अंगांनी खरे वाटले. आजोळी कोकणात आम्ही लहानपणी पाहिले आहे. एलियाहू हन्नाबीचा मलिदा मांडला, पोहे, खोबरे, साखर, फळे यांचे ताट मधोमध ठेवले आणि बराखा म्हटली, की काल बांधावरून भांडलेली दोन घरेही शेजारी बसून प्रसाद घेत. धार्मिक विधीने समूह स्वतःला पुन्हा बांधून घेतो, असे दुर्खीमने १९१२ साली लिहिले. त्याने मलिदा पाहिला नव्हता, पण पाहिला असता तर त्याला नवल वाटले नसते. दुसरी बाजू इस्पितळात पाहिली. रात्रपाळीला एका वॉर्डात डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेचा माणूस, स्वयंपाकी, झाडणारी बाई, ढकलगाडी ओढणारा, इतके हात लागतात तेव्हा एक रुग्ण सकाळ पाहतो. इथवर पुस्तक उत्तम.

पुढच्या पानावर मात्र आम्ही थबकलो. १९४५ साली किंग्सली डेव्हिस आणि विल्बर्ट मूर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एक सिद्धांत मांडला. समाजात काही जागा फार महत्त्वाच्या असतात. त्या चालवायला दुर्मिळ गुण आणि दीर्घ शिक्षण लागते. अशा जागांकडे लायक माणसे यावीत म्हणून समाजाला त्यांना अधिक पैसा व अधिक मान द्यावाच लागतो. म्हणून विषमता सर्वत्र असते आणि असणे आवश्यकही असते. पुस्तकात डॉक्टरचेच उदाहरण दिले आहे. नात म्हणाली, "हे तर बरोबरच वाटतं, आजी."

पहिल्यांदा ऐकताना बरोबर वाटतेच. पण महत्त्व ठरवावयाचे कसे? आमच्या वॉर्डात मोठे डॉक्टर परदेशी परिषदेला आठ दिवस गेले तर काम चालत असे. झाडणारी बाई दोन दिवस आली नाही तर तिसऱ्या दिवशी जखमा चिघळण्याची धास्ती पडे. २०२० च्या साथीत सगळ्या जगाने याच माणसांना 'अत्यावश्यक' म्हटले, गच्चीत उभे राहून टाळ्याही वाजविल्या. जो सर्वांत अत्यावश्यक तो पगाराच्या तक्त्यात सर्वांत वर, असे मात्र कुठे झालेले आम्ही ऐकले नाही. डॉक्टरांना अधिक मिळू नये असे आमचे म्हणणे नाही. दहा-बारा वर्षे जो शिकतो त्याला त्याचे फळ मिळावे. परंतु जे मिळते ते महत्त्वामुळेच मिळते, असे म्हणून मोकळे होणे म्हणजे जो वर बसला आहे त्याच्या वर बसण्यालाच पुरावा मानणे होय.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १९५३ साली मेल्विन ट्यूमिन यांनी डेव्हिस आणि मूर यांना उत्तर दिले. ज्या समाजात वरच्यांची मुले शिकतात आणि खालच्यांची लहानपणीच कामाला लागतात, तिथे खालच्यांत किती गुण आहेत हे कधी कळतच नाही. मग गुण दुर्मिळ आहेत हे ठरविले कोणी? आपल्या समाजाचाच दाखला घ्या. डॉ. जेरुशा झिराड १८९० साली जन्मल्या, विलायतेस जाऊन वैद्यकीय शिक्षण घेऊन आल्या, कामा इस्पितळाच्या प्रमुख झाल्या, १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. पण त्या काळी तेलाच्या घाण्यावर बसलेल्या आपल्या इतर मुलींत दुसरी झिराड नव्हती, असे कोण छातीठोकपणे सांगेल? पाहण्याची सोयच नव्हती. ट्यूमिन यांचे हे उत्तर पुस्तकात आहे, पण चार ओळींत आणि बारीक टाइपात. ते त्याच टाइपात हवे होते.

तिसरा आक्षेप आमच्या धंद्यातला. विषमतेची किंमत केवळ पैशात नसते. १९६७ साली लंडनमध्ये सरकारी नोकरांची एक मोठी तपासणी सुरू झाली. सतरा हजारांहून अधिक पुरुष, सगळे कचेरीतले, कोणी उपाशी नाही, कोणी बेकार नाही. १९७८ साली मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापले. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या नोकरांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्यांच्या तिपटीहून अधिक होते. मधल्या श्रेणींत ते पायरीपायरीने चढत गेलेले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सर्व हिशेबात घेतले तरी पुष्कळसा फरक उरलाच. आम्ही रुग्णाच्या खाटेशी जे वर्षानुवर्षे पाहिले ते इथे आकड्यांत सापडले. डेव्हिस-मूर म्हणतात, वरच्याला बक्षीस द्यावे लागते. खालच्याकडून आयुष्याची वर्षे वसूल होतात, याचा जमाखर्च त्यांच्या वहीत नाही.

आता कुटुंबाकडे वळू. टॅल्कट पार्सन्स या अमेरिकन विद्वानाचा या प्रकरणावर मोठा पगडा आहे. १९५५ साली रॉबर्ट बेल्स यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी सांगितले की उद्योगप्रधान समाजाला लहान, सुटसुटीत कुटुंब मानवते. नवऱ्याने बाहेरचे कमवावे, बायकोने घरातली माया सांभाळावी. अशी विभागणी झाली की कुटुंब स्थिर राहते.

आम्ही नातीला विचारले, "तुझे आजोबा कारखान्यात सहाला जायचे आणि मी रात्रपाळी करून सातला यायची. मधल्या तासात तुझ्या बाबाला दूध कोण देत होतं?" ती म्हणाली, "कोण?" आम्ही म्हणालो, "माझ्या सासूबाई. त्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही सहाजण होतो." पार्सन्स यांच्या चौकटीत सासूबाईंना खुर्चीच नाही! आपल्यातल्या किती घरांत बाई नर्स, शिक्षिका किंवा कापडगिरणीत कामगार होती, आठवून पाहा. तिने कमाविले ते 'बाहेरचे' आणि माया केली ती 'आतली', दोन्ही एकाच अंगाने. अॅन ओकली यांनी १९७४ साली लंडनमधील चाळीस गृहिणींच्या मुलाखतींवर पुस्तक छापले. त्यात घरकामाचे आठवड्याचे सरासरी ७७ तास निघाले. त्याला 'माया' म्हणून टाकले की पगाराचा प्रश्न उरत नाही.

शिवाय उद्योगांनी कुटुंब लहान केले, हे तरी कितपत खरे? केंब्रिजचे पीटर लॅस्लेट यांनी जुन्या नोंदवह्या तपासून दाखविले की इंग्लंडात कारखाने येण्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून घरे लहानच होती. आणि आपली कुटुंबे इथे तुटली ती कोणत्या उद्योगामुळे? एक भाऊ अश्दोदला, दुसरा दिमोनाला, बहीण लोदला, आईबाप अजून मुंबईत. घर जिथे मिळाले तिथे माणूस राहिला. आलियाने आणि घरवाटपाने जे केले ते पुस्तकवाले यंत्रांच्या नावावर घालतात.

पार्सन्स यांचे आणखी एक प्रसिद्ध मत १९५१ सालचे आहे. आजारी पडणे हीसुद्धा समाजाने दिलेली एक भूमिका असते. आजाऱ्याला कामातून सूट मिळते, त्याला दोष देत नाहीत. मात्र त्याने बरे होण्याची इच्छा धरावी आणि डॉक्टरांचे ऐकावे. वाचायला किती नीटनेटके! शस्त्रक्रियेच्या तिसऱ्या दिवशी स्वतःच्या सहीवर घरी गेलेल्या बायका आम्ही मोजल्या नाहीत, पण विसरलोही नाही. घरी तान्हे मूल होते, शेजारीण एकच दिवस सांभाळणार होती. रोजंदारीवरचा माणूस टाके ओले असताना कामावर जाई. सूट कोणाला मिळते, हे वर्ग आणि कुटुंब ठरविते. पार्सन्स यांचा आजारी माणूस हा पगारी रजा असलेला, घरी बायको असलेला पुरुष आहे. तेवढे त्यांनी सांगून टाकले असते तर आमची तक्रार नव्हती.

आता 'तुमच्यासारख्या लोकांबद्दल' जे लिहिले आहे त्याविषयी. इस्रायलमध्ये या शास्त्राचा पाया घालणारे प्राध्यापक म्हणजे श्मुएल आयझेनश्टाट. १९५४ साली त्यांचे स्थलांतरितांना सामावून घेण्यावरचे पुस्तक निघाले. नवागत कितपत सामावतो हे बऱ्याच अंशी त्याच्या बदलाच्या तयारीवर अवलंबून असते, असा त्यांचा रोख आहे. ग्रंथ अभ्यासपूर्ण आहे, यात शंका नाही. परंतु 'सामावणे' या शब्दात सगळी नजर येणाऱ्यावर राहते. जो सामावून घेणार तो कसा आहे, त्याच्या मनात काय आहे, हे मागे पडते. मुंबईत रेल्वेच्या कचेरीत इंग्रजी पत्रे लिहिणारा कारकून इथे येऊन गिरणीत सूत गुंडाळू लागला. त्यात त्याची बदलाची तयारी कुठे कमी पडली? तो तर पुरता बदलला होता. १९५२ साली आपल्यातील शंभराहून अधिक माणसे भेदभावाच्या तक्रारीवरून धरणे धरून, हट्टाने मुंबईला परत गेली आणि पुढे त्यांतली बरीच पुन्हा इकडेच आली. ही माणसे बदलाला भीत होती असे म्हणणे कठीण आहे. त्यांना न्याय हवा होता.

१९८१ साली श्लोमो स्विरस्की यांनी या दृष्टीला उघड आव्हान दिले. त्यांच्या हिब्रू पुस्तकाच्या नावाचा अर्थच मुळी 'मागासलेले नव्हे, मागास केलेले' असा आहे. पूर्वेकडच्या देशांतून आलेल्यांना विकासनगरांत पाठविले, कमी मजुरीची कामे दिली, मुलांना धंदेशिक्षणाकडे वळविले आणि त्यांच्या श्रमावर देशाचा उद्योग उभा राहिला. मग तेच मागे राहिले म्हणून त्यांच्या संस्कृतीला दोष दिला, हा त्यांचा युक्तिवाद. नातीला हे प्रकरण फार आवडले. आम्हांलाही आवडले. वाचताना आपली बाजू कोणी तरी मांडतो आहे असे वाटून ऊर भरून आला, हे कबूल करावयास हवे.

परंतु परीक्षण प्रामाणिक असावयाचे तर इथेच थांबता येत नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला ते आतून सारे एकसमान, असा समज अशा लिखाणातून होतो. मॅक्स वेबर हा जर्मन विचारवंत याबाबतीत अधिक सावध होता. वर्ग आणि दर्जा या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या. वर्ग म्हणजे बाजारातली ऐपत. दर्जा म्हणजे कोण कोणाला मान देतो, कोण कोणाशी सोयरीक करतो, कोण कोणाच्या पंक्तीला बसतो. कोकणात आपल्याला 'शनिवार तेली' म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते शनिवार तेली. हा दर्जा गावाने दिलेला. आणि आपण आपल्या आत जो दर्जा दिला तो गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा. कातडीच्या रंगाचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. ज्याच्या घराण्यात कधी काळी बाहेरची स्त्री आली असे मानले जाई ते काळे. गोऱ्यांनी त्यांच्याशी लग्न करू नये. मशिदीत त्यांनी मागे बसावे. किद्दुशचा प्याला त्यांच्याकडे शेवटी यावा. मलिद्याभोवती सगळे एकत्र बसत असे आम्ही वर लिहिले. कोण कुठे बसे, ते लिहिले नव्हते.

आमच्या थोरल्या मावशीचे लग्न १९५० च्या सुमारास ठरत आले होते. मुलाकडच्यांनी चौकशी केली. मुलीची आजी काळ्यांतली असे कोणी तरी सांगितले आणि बोलणी थांबली. मावशीने पुन्हा तो विषय काढू दिला नाही. ती परिचारिका झाली, जन्मभर एकटी राहिली आणि तिचा पांढरा गणवेश पाहूनच आम्ही या धंद्यात आलो.

१९६२ साली इथल्या रब्बी प्रमुखांनी बेने इस्रायलांच्या लग्नांसाठी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, ऑगस्टमध्ये क्नेसेटने खास बैठक घेऊन आपण सर्वार्थाने यहुदी आहोत असे ठरविले आणि आदेशातून आपले नाव काढावे लागले. तो विजय खरा होता आणि ज्यांनी तो मिळविला त्यांचे ऋण आपण फेडू शकत नाही. मुंबईत ती बातमी आली तेव्हा घरात आनंद झाला. मावशी तेवढी म्हणाली, "आम्हांला विचारलं होतं, तेव्हा कुणी धरणं नाही धरलं." आम्ही लहान होतो. ती असे का म्हणाली हे आईने पुष्कळ वर्षांनी सांगितले.

आणि आता आमचा स्वतःचा दोष. २००२ साली मुलाचे लग्न ठरले तेव्हा इथल्याच एका वडीलधाऱ्या बाईंनी बाजूला घेऊन विचारले, "तुमचं घराणं गोरंच ना हो?" आम्ही म्हणालो, "हो, गोरंच." चाळीस-पन्नास वर्षे झाली तरी प्रश्न जिवंत होता, आणि उत्तर द्यायला आम्ही मावशीला नाकारले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. लग्न मोडलेही नसते. व्यवस्था टिकते ती अशीच, दुर्खीमने सांगितलेल्या मोठ्या कारणांइतकीच स्वयंपाकघरातल्या एका 'हो'मुळे. हे वाक्य कोणत्याही पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आम्हांस सापडले नाही, आणि या शास्त्रावर आमचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. समाज, वर्ग, कुटुंब ही नावे इतकी मोठी होतात की त्यांतली हो-नाही म्हणणारी माणसे दिसेनाशी होतात. मग दोष कोणाचाच राहत नाही.

नातीला सत्राअखेर निबंध लिहावयाचा आहे. गोऱ्या-काळ्यांवर लिहू का, असे तिने विचारले. तिचे वडील म्हणाले, "कशाला? आधीच लोकांना आपण कोण ते ठाऊक नाही, वर ही बदनामी." त्यांचे म्हणणे अगदीच वावगे नाही. लहान समाजाला आपली लाज झाकावीशी वाटते, विशेषतः ज्याला एकदा सगळ्या देशासमोर आपले यहुदीपण सिद्ध करावे लागले त्याला. तरी आम्ही तिला लिही म्हणालो. मावशीची हकीकत दिली आणि २००२ सालचा आमचा 'हो'ही लिहून घे म्हणून सांगितले.

मग हे पुस्तक तरुणांनी वाचावे काय? अवश्य वाचावे. दुर्खीम, वेबर, ट्यूमिन, ओकली, स्विरस्की यांनी दिलेले शब्द हातात नसते तर आम्हांस मावशीची गोष्ट नुसती दुर्दैव वाटत राहिली असती. परंतु वाचताना घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवावे. पुस्तकात जिथे 'समाजाला आवश्यक' असे येते तिथे कोणाला आवश्यक, आणि त्याची झळ कोणाला लागली, हे त्यांना विचारावे. त्यांच्यापाशी उत्तरे आहेत आणि ती मराठीत आहेत. अजून दहा-पंधरा वर्षांनी ती विचारायला कोणी उरणार नाही.

वाचकांपैकी काहींना हा लेख रुचणार नाही हे आम्ही जाणतो. त्यांनी संपादकांस जरूर लिहावे. मात्र लिहिण्यापूर्वी आपल्या घरात शेवटची सोयरीक जुळली तेव्हा कोणता प्रश्न विचारला गेला होता, तेवढे एकदा आठवून पाहावे.